खापरपणजोबांची जमीन

समता मराठी मंडळाने पाठवलेली आईची ओळख मोबाइलवरून मोठ्याने वाचत होती, "सत्तावनच्या समरातले वीर नरसिंह यांच्या घराण्यातल्या, अंदमानात जन्मलेल्या आपल्या इंदुमतीताई..." आणि पोर्ट ब्लेअरहून आलेली लीलाआत्या सोफ्यावर एवढ्या जोरात हसली, की बशीतला चहा तिच्या साडीवर सांडला.

"काय झालं आत्या?" इंदुमती धावली. "कालच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तुझं. डोळ्याला ताण नको."

"वीर?" काळा चष्मा सावरत आत्या म्हणाली. "नरसिंह आणि वीर? अगं, बायकोला कुऱ्हाडीने तोडून काळ्या पाण्यावर आला होता तो!"

समताला वाटलं, म्हातारीची काहीतरी गल्लत होतेय. इंदुमतीला मात्र ते हसू ओळखीचं होतं. आत्या खोटं बोलताना कधी हसत नसे.

इंदुमती पोर्ट ब्लेअरजवळच्या एका गावात वाढली. इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत केली, शिक्षेची काही वर्षं नीट काढलेल्या कैद्यांना जमिनी दिल्या, लग्नं करून दिली, आणि त्यांची पोरंबाळं तिथलीच झाली. 'लोकल बॉर्न' म्हणतात त्यांना. घरात सगळे हिंदुस्तानीच बोलत; खापरपणजोबांच्या साताऱ्याकडची भाषा केव्हाच विरून गेली होती. मग हवामान खात्यातला काशीनाथ बदलीवर तिकडे आला. वरोऱ्याचं बौद्ध कुटुंब. लग्न झालं, पुढे दिल्लीला बदली, आणि निवृत्तीनंतर फरीदाबादचा हा फ्लॅट. मराठी ती सासूबाईंकडून शिकली, चपाती लाटता लाटता. इतकी चांगली शिकली की दिल्लीत वाढलेल्या समताचे शब्द तीच दुरुस्त करायची.

तरी सुरुवातीला मराठी मंडळात कुणी ना कुणी विचारायचंच, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" सत्तावनच्या वीराची गोष्ट कळल्यापासून तो प्रश्न थांबला. दर पंधरा ऑगस्टला तिच्यासाठी स्टेजवर खुर्ची असायची. त्या खुर्चीवर बसली की आपणही कुठल्यातरी आहोत, असं तिला वाटायचं.

"पण बाबांनी मला स्वतः सांगितलं होतं," इंदुमती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"हो, सांगितलं. तुझी सासू आली होती ना बघायला? तिने विचारलं, कैद्याचं घर म्हणजे नक्की कुठल्या गुन्ह्याचं? भाईजान, म्हणजे तुझे बाबा, गडबडले. म्हणाले, सत्तावनचे बागी. मी तिथेच उभी होते सरबताचा ट्रे घेऊन. ग्लास पडता पडता राहिले माझ्या हातून."

"आणि ती बायको? तिचं नाव काय होतं?"

आत्याने खांदे उडवले. "कुणाला ठाऊक? कुणी सांगितलंच नाही कधी."

आता म्हातारी थांबेना. आपण काही भयंकर सांगतोय, असं तिला वाटतच नव्हतं. त्यांच्या गावात हे सगळ्यांना सगळ्यांबद्दल ठाऊक असे, आणि कोण कशासाठी आला हे तोंडावर न विचारणं हीच तिथली रीत होती. नरसिंहाची शिक्षेची वर्षं सरल्यावर त्याला जमीन मिळाली. मग बायको हवी म्हणून तो बायकांच्या तुरुंगात गेला. तिथे कैदी बायका ओळीने उभ्या करत. त्यातली एक त्याने निवडली, बांद्याची राधा. तान्ह्या पोराला विहिरीत टाकल्याबद्दल जन्मठेप झालेली.

"ती माझी खापरपणजी?" इंदुमतीने विचारलं.

"मग? मोठी शिस्तीची होती म्हणतात. पोरांना कधी विहिरीपाशी फिरकू दिलं नाही."

समताने मोबाइल उलटा ठेवून दिला. खाली सेक्टरमधला भाजीवाला ओरडत होता. बटाटे संपले आहेत, एवढं एकच इंदुमतीला आठवलं, आणि ती उठलीच नाही.

"आणि जमीन?" समताने हळूच विचारलं. "ती कुणाची होती आधी?"

"जंगल होतं."

"जंगलात कुणीच नव्हतं?"

आत्याने हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "होते ना, तिथले मूळचे आदिवासी. इंदू, आपल्या नारळांच्या मागे शिंपल्यांचा ढिगारा होता, आठवतो? तुम्ही पोरं घसरगुंडी करायचात. ती त्यांची जागा. पिढ्यान् पिढ्या तिथे बसून खायचे, शिंपले टाकायचे. त्याचंच टेकाड झालं. मग साहेब आले, आपली माणसं आली, गोवर आला, आणखी काय काय रोग आले. माझी दादी सांगायची, जमीन साफ करायला गेले तेव्हा झोपड्यांत नुसती मेलेलीच माणसं होती. पुरली आणि भात लावला."

त्या ढिगाऱ्यावरून घसरून इंदुमतीचे फ्रॉक फाटायचे आणि आई रागवायची. बालपणाचं म्हणून जे काही तिने समताला सांगितलं होतं, त्यातलं सगळ्यात लाडकं तेवढंच होतं.

तेवढ्यात काशीनाथ बँकेतून परतला. इंदुमतीने तिथल्या तिथे विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं? नरसिंहाचं?"

त्याने चपला काढल्या, नीट कडेला लावल्या. त्याला एवढा वेळ लागला तेव्हाच तिला कळलं.

"तुझ्या बाबांनी लग्नाआधी एकट्याला बोलावून सांगितलं होतं. मला काही फरक पडला नाही, इंदू. आईला पडला असता."

"आणि तुम्ही दरवर्षी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतात?"

"तुला ते आवडायचं," तो म्हणाला.

तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. अख्ख्या संसारात या माणसाने तिच्यापासून साधं डोकेदुखीचं औषधसुद्धा लपवलं नव्हतं.

पंधरा ऑगस्टच्या आधी तिने मंडळाच्या विक्रांतला फोन केला. "माझ्या ओळखीत फक्त पोर्ट ब्लेअरची म्हण. वीर-बिर काही नको."

"अच्छा, ठीक आहे ताई, बिल्कुल," तो म्हणाला, आणि कार्यक्रमाच्या दिवशी सवयीने जुनंच सगळं वाचलं. टाळ्या पडल्या. शाल खांद्यावर आली. इंदुमतीने माइक मागून घेतला.

"हे खरं नाही," ती म्हणाली. "माझ्या खापरपणजोबांनी बायकोचा खून केला होता. त्यांना जी जमीन मिळाली, तिथे आधी दुसरी माणसं राहत होती. ती मेली. मला हे आत्ता आत्ता कळलं. त्यांची नावं मला माहीत नाहीत. त्या बायकोचंही नाही."

कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. विक्रांतने माइक जवळ जवळ ओढूनच घेतला आणि नाश्ता तयार असल्याचं जाहीर केलं. लोक उठले. तिच्याजवळ कुणी आलं नाही. फक्त वर्ध्याच्या कुमुदताईंनी वड्याची प्लेट तिच्या हातात दिली आणि शेजारी बसून राहिल्या.

गाडीत आत्या म्हणाली, "एवढं माइकवर सांगायची काय गरज होती? आपल्याकडे असं कुणी बोलत नाही."

"म्हणूनच," समता म्हणाली.

आत्या पोर्ट ब्लेअरला परत गेली. मंडळाचे मेसेज यायचे बंद झाले नाहीत, फोन मात्र थांबले. काशीनाथशी इंदुमती कामापुरतं बोलत राहिली, पार दिवाळीपर्यंत. मग एका सकाळी चहा घेऊन ती बाल्कनीत त्याच्यासमोर बसली. तो पेपर बाजूला ठेवून वाट बघत राहिला.

"बाबांनी तुम्हाला आणखी काय काय सांगितलं होतं?" तिने विचारलं. "सगळं सांगा. मध्ये थांबू नका."

काशीनाथने चष्मा काढला आणि सुरुवात केली.