भोगीची बाजरी

तापातून उठले ती नाक हरवूनच. ताप गेला, पण वास काही परतला नाही आणि वासाच्या मागोमाग चवही गेली. गोड, खारट, आंबट, तिखट एवढं जिभेला कळे, कडू मात्र तेही नाही. पण तोंडात आंबा आहे की पपई, हे डोळे मिटून सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, धीर धरा. धीर धरणं माझ्या स्वभावात नाही. मी दर ऋतूत नाकाची परीक्षा घ्यायला लागले.

दिल्लीत त्याची सोय उत्तम. इथं ऋतू हातगाडीवर बसून दारात येतो. आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरखाली उन्हाळ्यात फालसेवाला ओरडत गेला, मग जांभळं आली, मग शिंगाडे. आमचे हे ऑफिसातून येताना रोज काहीतरी पिशवीत घेऊन यायचे. मी ते तोंडात टाकून डोळे मिटायची आणि हे बूटसुद्धा न काढता माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मी मान हलवायची. फालसा म्हणजे आंबट पाणी, शिंगाडा म्हणजे ओला खडू. जाऊ दे, थंडीत येईल, असं मी म्हणायची. माझी सगळी भिस्त भोगीवर होती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, आमच्याकडे जवळच्या मुनिरक्यातली मराठी मुलं जेवायला येतात. स्पर्धा परीक्षांसाठी घरदार सोडून एकेका खोलीत कोंबून राहिलेली. मुलं दर दोनतीन वर्षांनी बदलतात, बेत तोच. लाल गाजरं, मटार, ओला हरभरा, वांगी, घेवडा, थंडीत शेतात जे जे येतं ते सगळं एका कढईत, वरून तिळाचं कूट. इथला बथुआ, म्हणजे आपला चाकवत, तोही मी त्यात घालते, पुण्याची जाऊ नाक मुरडते, मुरडू दे. सोबत बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि लोणी. नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचं नाही, त्यामुळे मिठाचा अंदाज मला कढईच्या वाफेवरून येतो. यायचा. म्हणून यंदा हे म्हणाले, बाहेरून मागवू या. मी असं काही बघितलं त्यांच्याकडे की विषय तिथंच संपला.

बाजरीचं पीठ हरियाणातल्या एका शेतकरीण बाईंकडचं. रविवारच्या बाजारात त्या घरच्या जात्यावर दळलेलं पीठ घेऊन बसतात. थंडी सुरू होताना मी ते आणलं आणि डबा मागे सारला गेला. बाजरीचं पीठ राहिलं की कडू होतं, म्हणून भिजवण्याआधी हुंगायचं, ही माझी जुनी सवय. त्या सकाळीही मी डबा उघडून नाक खुपसलं. कसलाच वास नाही. वाईट वास नाही म्हणजे पीठ चांगलं, असं जन्मभर मानत आलेली बाई मी. सरळ परात ओढली.

भाकऱ्या टम्म फुगल्या. मुलं खाली मान घालून जेवली, एकानं तर आणखी अर्धी मागून घेतली. लोणी आणि गूळ मात्र भराभर संपले, तेव्हा वाटलं, थंडीच तशी आहे. ह्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि म्हणाले, एक नंबर. मला इतका आनंद झाला की काय सांगू! नाक नसलं तरी हात शाबूत आहे, असं वाटलं. भांडी आवरताना मी चक्क गुणगुणत होते.

संध्याकाळी खालची शेजारीण लोहडीच्या रेवड्या घेऊन आली. ती हरियाणातल्या रेवाडीकडची, बाजरीवरच वाढलेली. रेवड्यांच्या बदल्यात भाकरी, हा आमचा जुना व्यवहार. तिनं दारातच एक तुकडा तोडला आणि चावता चावता थांबली.

"दीदी, आटा कड़वा हो गया है," ती म्हणाली. "किसी को देना मत."

दार लावून मी वळले. हे टेबल पुसत होते, पुसलेलंच पुन्हा पुसत होते. तुम्हाला कळलं होतं ना, असं मी विचारलं.

"खूप दिवसांनी तू खूश दिसलीस," ते म्हणाले.

मुलांचं मी समजू शकते, ती पाहुणी. पण हे? आमटीची फोडणी जराशी करपली तरी ताट सरकवणारा हा माणूस. लग्न झाल्यापासून माझ्या स्वयंपाकाला यांनी नावं ठेवली नाहीत असा आठवडा गेला नाही. आणि तापापासून एकदाही ठेवली नाहीत. मी वेडी, मला वाटत होतं माझं सगळं नीट जमतंय. जे सुधारेल असं वाटतं, त्यालाच माणूस नावं ठेवतो. माझं नाक परत यायचं नाही, हे यांनी मनाशी केव्हाच पक्कं केलं होतं. तरीही रोज पिशवी आणत होते आणि समोर उभे राहत होते. पिठाचा डबा कचऱ्यात रिकामा करताना मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी लाडू वळले, देवापुढे ठेवले. मग एक ह्यांच्या हातावर ठेवला. दरवर्षी त्या वेळी म्हणतात ते मी म्हटलं नाही.

"गोड बोलू नका," मी म्हटलं. "आजपासून खरं सांगायचं. मला दुसरं कोण सांगणार?"

ह्यांनी लाडू तोंडात टाकला. खूप वेळ चावत राहिले. डोळे भरून आले होते.

"तीळ करपलेत," ते म्हणाले.

"किती?"

"बरेच."

मी लाडवांचं ताट उचललं आणि नवे तीळ भाजायला घेतले. हे कढईपाशी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी वेळेवर गॅस बंद केला.