तांडेलाचा दुसरा चेहरा

काशीराम मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायचा. बोलणं बेताचं, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण गणपती आले की तो वेगळाच माणूस व्हायचा. आप्पा शिंप्याने अठ्ठ्याहत्तर सालापासून वाडीत एक नाटक चालवलं होतं, ‘आकाशगलबत’ नावाचं. दरवर्षी त्याचा नवा भाग. ताऱ्यांमधून गलबत हाकणारा एक तांडेल कधी आगीच्या ग्रहावर अडकायचा, कधी बिनपाण्याच्या समुद्रात रुतायचा. आणि गोष्ट अशा जागी थांबायची की मुंबईचे चाकरमानी पुढच्या वर्षीची रजा तिथेच पक्की करून जायचे. काशीराम त्यात यंत्रमानव होता. तेलाच्या डब्यांचा पत्रा अंगावर चढवून तांडेलाच्या मागे उभं राहायचं आणि “आज्ञा” म्हणायचं, एवढंच काम.

तांडेल होता भिवा. खरोखरीचा खलाशी, छातीने रुंद, आवाज असा की शेवटच्या रांगेतली पोरंही गप्प व्हायची. काशीरामचा तो लहानपणापासूनचा दोस्त. तरी पत्र्याच्या आत घामाने निथळताना काशीरामला दरवर्षी वाटायचं, हे बोलणं माझ्या वाट्याला यायला हवं होतं. भिवाची सगळी वाक्यं त्याला पाठ होती.

ब्याऐंशी साली नारळी पौर्णिमा झाली आणि पहिल्याच फेरीत भिवाची होडी आरे-वारेसमोर वादळात उलटली. बाकीचे पोहत किनाऱ्याला लागले, भिवा लागला नाही. त्याचं काही सापडलंही नाही. त्या वर्षी नाटक झालं नाही. भिवाच्या आईने, सोनूबाईने, दिवस घालू दिले नाहीत. दर्यात हरवलेल्याची बारा वर्षं वाट बघायची असते, म्हणाली. त्यामुळे भिवाची बायको शकू कुंकू लावून वावरत राहिली, आणि तिच्याशी काय बोलावं ते वाडीला कळेना.

पुढच्या वर्षी आप्पा कारखान्यावर आला. यंत्रमानव कोणीही होईल, म्हणाला, पण तांडेल दुसऱ्या कुणाला येत नाही. काशीराम हो म्हणाला. घरी जाताना त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाची त्याला भीती वाटली.

तांडेल बदलला हे लोकांना पटवायचं कसं? आप्पाने युक्ती काढली. तांडेल एका पेटत्या ताऱ्यात जळतो, पण जीव जात नाही. त्याला नवा देह मिळतो. पडदा वर गेला. भिवाच्या मापाचा चंदेरी डगला काशीरामच्या खांद्यांवर लोंबत होता. प्रेक्षकांत मागून कुणीतरी भिवाच्या नावाने हाक मारली. काशीराम पुढे आला आणि म्हणाला, “मला ओळखलं नाहीत? मी तोच आहे. फक्त चेहरा बदललाय.”

हळूहळू कुजबुज थांबली. दुसऱ्या प्रवेशापर्यंत टाळ्या पडू लागल्या. बायकांच्या पहिल्या रांगेत बसलेली सोनूबाई मात्र हात मांडीवर ठेवून नुसती बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन कारखान्याच्या दारात उभी राहिली. बांगड्याचं तिखलं आणि भात. मग ती रोजच येऊ लागली. ती वेडी नव्हती. काशीरामला काशीरामच म्हणायची. पण डबा परत घेताना सांगायची, छपराची कौलं सरकलीत, सवड झाली की बघ. तो जाऊन कौलं सारखी करून आला. निघताना ती म्हणाली, “घरी वेळेवर येत जा रे.”

दिवाळीच्या सुमारास शकूने त्याला जेटीवर गाठलं.

“भावजी, त्या रोज तुमचं ताट वाढून ठेवतात. जेवायला कोण बसत नाय. मी ते उचलतंय.”

“मी काय करू?”

“तुमी तो नाय, एवढं त्यांना सांगा. मी सांगून दमले.”

“मग त्या भिवाचे दिवस घालतील. आणि तुझं...”

“ठाव हाय मला,” शकू म्हणाली आणि मासळीची पाटी उचलून चालू लागली.

तो सांगायला म्हणून किती वेळा गेला आणि जेवून परत आला. वर्ष तसंच सरलं. चौऱ्याऐंशीच्या गणपतीत आप्पाने नव्या भागाच्या तोंडालाही ‘मी तोच आहे’ हेच वाक्य ठेवलं. काशीरामने ते काढायची विनंती केली, तर आप्पा चिडला. त्या एका वाक्यावर सगळं उभं आहे, म्हणाला.

काशीराम रंगमंचावर आला. सोनूबाई पहिल्या रांगेतच होती. विंगेतून आप्पाने वाक्य सुचवलं, पुन्हा सुचवलं.

“मी तो नव्हे,” काशीराम म्हणाला. “तो तांडेल गेला. गलबत रिकामं होतं, म्हणून मी चढलो.”

सोनूबाई उठली, लुगड्याचा पदर सारखा केला आणि बायकांमधून वाट काढत निघून गेली. पुढचं नाटक त्याने कसं रेटलं, ते त्याला नंतर आठवेना.

पितृपक्षात भिवाचा दर्भाचा पुतळा करून क्रिया झाली. काशीराम लांब उभा होता. शकूचं कपाळ मोकळं होतं. ती पाण्याची कळशी घेऊन समोरून आली. ती रागावेल, नाहीतर रडेल, असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं.

सोनूबाईचा डबा पुन्हा आला नाही. बाजारात भेटली तर कामाचं विचारायची आणि पुढे जायची, इतरांना विचारी तसंच.

पंच्याऐंशीत वाडीतला विठू तांडेल झाला. चेहरा का बदलला, हे आप्पाने या वेळी सांगितलंच नाही, आणि लोकांनीही विचारलं नाही. काशीरामने तांडेल सोडला होता, यंत्रमानवाचा पत्राही नको म्हटलं होतं. तो पुरुषांच्या गर्दीत मागे बसला. विठू चांगलं बोलत होता. काशीरामचे ओठ त्याच्या बरोबरीने हलत होते. शेजारचा बघायला लागला, तेव्हा त्याने तोंडावर हात धरला. आपण सांगितलं ते बरं केलं की वाईट, हे ज्या दोघींना विचारावं त्यांच्या दारात जायची सोय त्याला उरली नव्हती.