चावीच्या मुठीसाठी स्थळ

चौकशी केल्याशिवाय माझ्या सासऱ्यांना काही म्हणता काही पसंत पडत नसे. कुकर घेतानासुद्धा दुकानदाराला "याच्या घरचे कोण? अजून कुठं दिलाय?" असं विचारणारा माणूस! मी त्यांना मामा म्हणायची. नांदेड-लातूरकडच्या बौद्ध वधू-वर मेळाव्यांत माईक कायम त्यांच्या हातात. शेकडो पोरापोरींची स्थळं बघून बघून जिभेला तेच वळण लागलेलं.

आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची बोटं संधिवातानं आखडली होती. आमच्या दाराचं कुलूप जुनं, जाड. लावतानाही चावी फिरवावी लागायची आणि आत्यांना ती फिरवता येत नव्हती. मी शाळेत शिकवायला, नवरा नोकरीला परगावी, मामा बाहेर, की आत्या घरात अडकून. विहारात जायचं तरी कुणाची तरी वाट बघायची. एवढी खमकी बाई, पण याच्यानं रडकुंडीला यायची.

मामांनी जाहीर केलं, "चावीवर बसणारी मोठी मूठ मीच कॉम्प्युटरवर काढतो. लातूरचा भाचा थ्रीडी प्रिंटरवर छापून देतो म्हणतोय. फक्त स्वस्तातलं सॉफ्टवेअर तेवढं बघतो."

झालं! बघण्याचे कार्यक्रम सुरू.

पहिलं स्थळ नामांकित, परदेशातलं. महिनाभर फुकट, पुढं दर महिन्याला डॉलर. "आधी गोडगोड, मग हुंडा," मामांनी फुली मारली. दुसरं फुकट होतं, पण त्यात काढलेलं चित्र साऱ्या जगाला दिसायचं. "आपल्या घराच्या चावीची मापं गावाला दाखवू का?" तिसरं म्हणे हौशी लोकांना मोफत, पण दरवर्षी नव्यानं परवानगी घ्या. "म्हणजे दरसाल विचारायचं, नांदू का म्हणून? न्हाई जमायचं." शिवाय ते उघडलं की आमच्या जुन्या लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा.

चौथं स्वयंसेवकांनी मिळून बनवलेलं. कायमचं फुकट, चित्र आपल्याच घरात, मागणं काही नाही. दिसायला मात्र रुक्ष आणि स्वभावानं किचकट. मी म्हटलं, "मामा, हेच घ्या की."

"लई घाई तुला. चौकशी करायलोय ना मी!"

शेवटी एका संध्याकाळी आत्यांचा पारा चढला. "मला बघायला आलात, तेव्हा त्याच्याआधी किती पोरी बघितल्या होत्या?"

"एकपण न्हाई. तुझ्या बापानं चौकशीला वेळच कुठं दिला!"

"मग वाईट झालं का काही?"

मामांनी लॅपटॉप पुढं ओढला आणि गुपचूप चौथं उतरवून घेतलं. पुढं कितीतरी दिवस ते त्याच्याशी भांडत होते. पहिली मूठ लातूरहून आली ती शर्टाच्या बटणाएवढी! मापाचं एकक चुकलं होतं. आत्या म्हणाल्या, "हिला कानात घालते." दुसरी मात्र तळहातात गच्च बसली.

मूठ आली त्याच आठवड्यात मी शाळेतून परतले तर दाराला बाहेरून कुलूप आणि खिडकीत मामा! गडी कानात हेडफोन घालून आणखी नव्या सॉफ्टवेअरचे व्हिडिओ बघत बसलेला. लग्न लागल्यावरही स्थळं बघणं चालूच! आतून कडी लावून घ्या म्हणून हाका मारूनही ओ देईनात, तेव्हा आत्यांनी सरळ कोंडलं आणि विहार गाठला.

मी पर्समधून माझी चावी काढली. मामा केवढ्यांदा ओरडले, "थांब! लावलंय तिनं. उघडता येतंय का, ते तिचं तिलाच बघू दे!"

मी पायरीवर बसले, मामा गजाला धरून उभे. दिवेलागणीला आत्या रिक्षातून उतरल्या. अख्ख्या पंजात मूठ धरून फिरवली आणि कुलूप उघडलं. मामांचे डोळे भरले होते. म्हणाले, "आता माझ्यामागं तुझं अडायचं न्हाई."

"काहीतरीच बोलायचं! सरका, आत येऊ द्या," आत्या फिस्कारल्या.

पुढं मामा वारल्यावर महिनाभर आत्या उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. मग एक दिवस पांढरी साडी नेसून विहाराला निघाल्या. कुलूप लावून द्यावं म्हणून मी चावीसाठी हात पुढं केला.

"हो बाजूला," त्या म्हणाल्या. "येतंय मला."