गावाचे नाव नसलेली बातमी

पत्रकारितेच्या पहिल्या सत्रात आम्हाला बातमी लिहायला शिकवण्याआधी फोटो काढायला शिकवले गेले, आणि तेही पुरावा म्हणून. विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम गोंदियातल्या एका महाविद्यालयात, दोन खोल्यांत चालत असे. विद्यार्थी चौदा. शिकवणारे सर एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षे काढून आलेले होते. त्यांचा नियम असा की प्रत्येक बातमीसोबत घटनास्थळाचा फोटो हवा, आणि फोटोच्या तळाशी मोबाइलमधले अ‍ॅप जी पट्टी उमटवते ती हवी : गावाचे नाव, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ. पट्टी नाही तर बातमी नाही.

नियमाला कारण होते. आधीच्या तुकडीतल्या एकाने आठवडी बाजाराचे वार्तांकन खोलीत गादीवर पडून केले होते. त्यात वांगी होती, मिरच्या होत्या, म्हाताऱ्या विक्रेतीच्या डोळ्यांतले पाणी होते. त्या दिवशी बाजार भरलाच नव्हता. सर ही गोष्ट दर महिन्याला एकदा तरी सांगत. "डोळ्यांतलं पाणीसुद्धा लिहिलं पठ्ठ्याने," ते म्हणत, "और बाजार बंद!"

विभाग दर सत्राला चार पानांचे एक सरावाचे वृत्तपत्र काढत असे. ज्याची बातमी पहिल्या पानावर लागेल, त्याला सुट्टीत एका दैनिकात उमेदवारी करायला पाठवायची पद्धत होती. जागा एकच. मला ती हवी होती. एकाने नागऱ्याचे शिवमंदिर घेतले, दोघांनी मिळून रेल्वे फाटक घेतले. मी ऑगस्टमधल्या एका रविवारी, राहायला होतो त्या फुलचूरहून मोपेड काढली आणि दवनीवाड्याच्या रस्त्याला लागलो. तिकडच्या एका गावात ट्रान्सफॉर्मर जळाल्याचे ऐकले होते.

ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचलोच नाही. गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर बकऱ्या आडव्या आल्या, मी हॉर्न वाजवला आणि शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक माणूस दोन्ही हात हलवत धावत आला.

"भोंगा कायले वाजवतं गा? बंद कर ते!"

"बकऱ्या आहेत समोर, काका."

"बकऱ्या आपल्या पायानं जातेत. तुले कायची घाई?"

बोलताना त्यांचे लक्ष माझ्याकडे नव्हते. ते मागे वळून आपल्या धानाकडे पाहत होते. मीही पाहिले. साधारण दोनशे पावलांवर, पाण्यात उभ्या असलेल्या धानात एक राखाडी पाठ आणि त्यावर लाल मान दिसत होती. सारस, राज्यात आता मोजकेच उरलेले. दुसरा थोडा पलीकडे उभा होता. खाली उपटलेल्या धानाचा ढीग होता, म्हणजे घरटे.

शेताला लागूनच त्यांचे घर होते, तिथे ते मला घेऊन गेले. काकूंनी पाणी दिले आणि दाराआडचे कॅलेंडर दाखवले. दुधाचे खाडे मांडतात तशा तारखांवर पेनाच्या रेघा होत्या. पाखरे अंड्यांवर बसली त्या दिवसापासूनच्या, एकवीस.

"अजून दहा दिवस," काकू म्हणाल्या. "मंग पिल्लं निघतेत आन् दोन-तीन दिसांत मायबापाच्या मागं चालू लागतेत. तेव्हा कोणी या, पाहा. तवरक नाही."

कारण काकांनी सांगितले. मागल्या साली शेजाऱ्याच्या शेतात जोडी बसली होती. कोणीतरी मोबाइलवर टाकले. पार नागपूरहून लोक कॅमेरे घेऊन आले. धुरा फुटला, पाणी वाहून गेले, कुत्री आत शिरली. पाखरे उठली ती पुन्हा बसली नाहीत.

"आणि अंडी?"

"अंडी राहिली तशीच."

मी पत्रकारितेचा विद्यार्थी आहे, हे आता सांगावे लागले. काका उठूनच उभे राहिले. पुढचा अर्धा तास वाटाघाटीत गेला. शेवटी ठरले ते असे : बातमी लिहायची, पण गावाचे नाव माझ्याकडून कोणालाही कळणार नाही. काकांचे नाव लिहायचे नाही. पडताळणीसाठी सरांचा फोन येईल, त्यांना बातमी खरी आहे एवढेच सांगायचे. काकांना स्वतःचा नंबर पाठ नव्हता. तो काकूंनी सांगितला. मी लांबून एक फोटो काढला आणि मोपेड ढकलत डांबरी रस्त्यापर्यंत आणली.

बातमीचे तीन खर्डे झाले. बातमीत ‘कुठे’ पहिल्या वाक्यात यावे लागते, आणि मला नेमके तेच झाकायचे होते. ‘गोंदिया तालुक्यातील एका गावात’ यावर मी थांबलो. समाधानाने फोटो जोडायला घेतला आणि तळाची पट्टी दिसली. गाव, पिनकोड, अक्षांश-रेखांश. जे तीन खर्डे करून झाकले होते, ते फोटोत सहा दशांश स्थळांपर्यंत उघडे होते. मी पट्टी कापली आणि बातमी सरांना पाठवून दिली.

मंगळवारी सरांनी वर्गात एकेक बातमी घेतली. माझी वाचून झाल्यावर त्यांनी लॅपटॉपवर फोटो उघडला.

"पट्टी कुठे आहे?"

"कापली, सर. गावाचं नाव न सांगण्याचा शब्द दिलाय."

"शब्द दिला, चांगलं केलं. पण बाजारवाल्यालाही मी हेच विचारलं असतं तर त्यानेही शब्दच दिला असता."

मागून आवाज आला, "गूगलवाले सारस हैं, सर!"

सरांनी बातमीखालचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"नमस्कार. तुमच्या शेतात सारस बसलाय का?"

"कोण बसलाय?"

"सारस. पक्षी."

"नाही जी. आमच्याकडं बगळे हायेत. पाहिजेत का?"

वर्ग हसला.

"आमचा एक विद्यार्थी आला होता ना रविवारी?"

"विद्यार्थी? नाही जी. एक भोंगा वाजवणारा आला होता. त्याले हाकलला."

यानंतर वर्ग बराच वेळ शांत होईना. मूळ फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, आणि तो सगळ्यांच्या मोबाइलसोबत सरांच्या टेबलावर होता. उघडून दाखवला असता तर पाच सेकंदांत मी सुटलो असतो. पण वर्गात आणखी तेरा जण होते, निम्म्यांकडे गाड्या होत्या आणि सगळ्यांकडे स्टेटस होते. मी मोबाइलला हात लावला नाही. सरांनी माझ्या कागदावर लाल पेनने ‘पडताळणी नाही’ असे लिहिले.

"उद्यापर्यंत पुरावा आण," ते म्हणाले. "नाहीतर पहिलं पान रेल्वे फाटकाला."

दुपारी मी पुन्हा गेलो. गाडी लांब लावून चालत पोहोचलो. काका दारातच भेटले, आणि चेहरा असा की जणू निवडणूक जिंकली होती.

"आला होता गा फोन! असा उडवला त्याले!"

"काका, ते आमचे सर होते."

"असं का? आवाज तर पत्रकारावानी होता."

"आधी पत्रकारच होते ते."

"मंग बरोबरच केलं ना मी!"

वर्गात काय झाले ते मी सांगितले. काकू आधी हसल्या, मग थांबल्या. "पोराचं नुकसान करून राहिले ना तुमी," त्या काकांना म्हणाल्या. फोनवर आता कोणी काहीही सांगितले तरी सर विश्वास ठेवणार नाहीत, हे तिघांनाही कळत होते. मूळ फोटो सरांना एकट्याला दाखवू का, असे मी विचारले. काका नाही म्हणाले, मोबाइलमधली गोष्ट मोबाइलमध्ये राहत नाही. निर्णय काकूंनी दिला.

"सरलेच घेऊन ये. एकट्याले. आन् गाडी नाल्यापाशी ठेवजो."

संध्याकाळी सरांना विचारले. ते "किती वाजता निघायचं?" एवढेच म्हणाले.

बुधवारी सकाळी ते माझ्या मोपेडवर मागे बसले. नाल्यापासून चालत, पुढे चपला हातात घेऊन धुऱ्यावरून. दोनदा त्यांचा तोल गेला. धुऱ्याच्या टोकाला पोहोचल्यावर त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. काकूंनी हात पुढे केला.

"द्या इकडं."

आम्हा चौदा जणांचे मोबाइल तासाला टेबलावर ठेवून घेणाऱ्या सरांनी आपला मोबाइल निमूटपणे काकूंच्या हातात दिला.

आम्ही बसून राहिलो. बऱ्याच वेळाने लांब उभा असलेला सारस धान तुडवत आला, बसलेला उठला आणि दोघांच्या मधे क्षणभर घरट्यातली अंडी दिसली. मग दुसरा बसला.

"दो हैं," सर कुजबुजले. मग काकूंना म्हणाले, "किती दिवस राहिले?"

"सात."

परत येताना सर गाडीशी पोहोचल्यावर म्हणाले, "फोटो छापायचा नाही."

"पट्टी कापली आहे, सर."

"मागे पाण्याची टाकी आहे. मोठं करून बघ. टाकीवर काय रंगवलंय?"

मी तिथेच फोटो मोठा करून पाहिला. टाकीवर ग्रामपंचायतीने गावाचे नाव ठळक निळ्या अक्षरांत रंगवले होते. तीन दिवस हा फोटो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला फक्त पक्षी दिसत होते.

गुरुवारी सरांनी वर्गाला सांगितले की पडताळणी झाली आहे आणि ती त्यांनी स्वतः केली आहे. कोणीतरी विचारले, "गाव कोणतं, सर?"

"वृत्तपत्रात जेवढं येईल तेवढं वाचा."

बातमी पहिल्या पानावर, फोटोशिवाय लागली. रेल्वे फाटक फोटोसह तिसऱ्या पानावर गेले. छपाई नेहमीप्रमाणे रखडली. अंक हातात आला तेव्हा दोन्ही पिल्ले निघून आईबापांच्या मागे धानात फिरू लागली होती. उमेदवारीला मी गेलो, पण त्याआधी एक प्रत घेऊन काकांकडे गेलो.

काकांनी ती मोठ्याने वाचली. "‘एका गावातील एका शेतकऱ्याने आपल्या शेतात...’ हा एक शेतकरी कोण?"

"तुमीच ना," काकू म्हणाल्या.

"मंग माझं नाव कायले नाही?"

"तुम्हीच नको म्हणाला होता, काका."

"तेव्हा नको होतं. आता पिल्लं निघाली. आता गावात दाखवलं तर कोण मानंल? म्हणतीन, दुसऱ्याच कोणाचं शेत असंल."

अंक छापून झाला होता, त्याला इलाज नव्हता. मी पेन काढले, ‘एका शेतकऱ्याने’ यावर काट मारली आणि वर त्यांचे पूर्ण नाव लिहिले. काकांनी शाई वाळेपर्यंत कागद आडवा धरला.

"आन् दिवस कोणं मोजले?" काकूंनी विचारले.

समासात जागा होती. त्यांचेही नाव लिहिले, काकांच्या आधी.