आप्पांची बारी: सुरतेच्या नहेर संग्रहालयातला एक रविवार

ही नव्वदच्या दशकातली सहल आहे, त्यामुळे बसच्या वेळा माझ्याकडून घेऊन कुणी फसू नका. निमित्त झालं रामदासच्या कार्डाचं. रामदास माझा धाकटा भाऊ, सुरतेत डिंडोलीला राहायचा, लूमवर कामाला. त्यानं लिहिलं होतं, "आक्का, इथे नहेरीचं, म्हणजे कालव्यांचं, संग्रहालय आहे. पाण्यावर काम केलेल्या जुन्या जाणत्या माणसांना दर रविवारी बोलायला बोलावतात. आप्पा येतील का, विचार."

सहा वर्षं बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. मला वाटलं, आप्पा कार्ड चुलीत घालतील. पण म्हणाले, "तेसना पाट देखाले येस. बाकी काही नही." मुलगा संग्रहालयाच्या आडून बोलावतोय, बाप पाटाच्या आडून होकार देतोय, आणि मध्ये निरोप्या कोण, तर मी. वैताग आला होता, पण पिशवी भरली.

भांडण काय होतं ते सांगते. आप्पा आमच्या गावचे पाटकरी. पांझरेवरच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या कालव्याला आम्ही पाट म्हणतो, आणि त्याचं पाणी ठरल्या क्रमानं शेताशेताला सोडतो तो पाटकरी. प्रत्येकाच्या पाळीला म्हणायचं बारी. एका हिवाळ्यात रामदासनं आमच्या शेतात पाणी घेतलं. आप्पा म्हणाले, आज आपली बारी नाही. पोटच्या पोराला त्यांनी पंचांपुढे उभं केलं आणि हंगामभर आमचीच बारी बंद केली. गहू वाळला, रामदासनं सुरत गाठली. मीसुद्धा तेव्हा त्यालाच बोलले होते, की पाणी चोरायची काय गरज होती?

साक्रीहून सकाळची एसटी पकडली. नवापूरला उतरून चहा घ्या, पुढे चहात साखर वाढत जाते. व्यारा सोडलं की दोन्ही अंगांना ऊस, आणि ऐन जानेवारीत काठोकाठ वाहणारे कालवे. आप्पा खिडकीला नाक लावून बसले होते. त्यांनी कंडक्टरला विचारलं, "हाई पाणी कोणं?"

"तापीचं, बाबा."

"मंग आमनंच," आप्पा म्हणाले. पांझरा तापीलाच मिळते, तेव्हा हिशेब बरोबर होता. कंडक्टर हसला आणि आप्पा बारडोलीपर्यंत खुशीत होते.

सुरतेत शिरताना पर्वत पाटियाच्या थांब्यावर रामदास उभा होता. कानांवरचे केस पिकलेले, मी चरकलेच. तो पाया पडला. आप्पांनी डोक्यावर हात ठेवला, पण बोलले माझ्याशी: "ह्याले इचार, घर कितलं दूर शे." मी विचारलं. त्यानं मला सांगितलं. रिक्षात दोघांच्या मध्ये बसून मी डिंडोलीपर्यंत हाच धंदा केला. घरी भावजयीनं, सुनीतानं, कळण्याची भाकरी आणि ठेचा केला होता. वर पोंक. जानेवारीत सुरतेला गेलात तर तो सोडू नका. कोवळी भाजलेली ज्वारी, शेव आणि लिंबू. आप्पांनी एक मूठ तोंडात टाकली आणि "हाऊ ते हुरडा," म्हणून निकाल दिला.

रविवारी चालतच गेलो. संग्रहालय म्हणजे नहेरीकाठचा जुना बैठा बंगला. चपला बाहेर काढायच्या, तिकीट नाही. आता ते बंद झालंय असं ऐकते, शोधत हिंडू नका. आत एक भिंतभर नकाशा होता, सातपुड्यापासून डुमसच्या समुद्रापर्यंतची तापी. काकरापारच्या बंधाऱ्यापासून फुटलेल्या नहेरी निळ्या रंगात, आणि खाली सुरत बंदरातली जुनी गलबतं. अंगणात पोरं मातीत चाऱ्या काढून पाणी सोडत होती. त्या रविवारी आप्पांच्या आधी एक कोळी आजोबा बोलले, भरतीचं पाणी कुठवर चढायचं ते. आप्पा मन लावून ऐकत होते.

मग संग्रहालय सांभाळणाऱ्या बेन, म्हणजे ताई, आम्हाला एका लाकडी नमुन्यापाशी घेऊन गेल्या. आमच्या गावचा पाट होता तो. रामदासनं आठवणीतून सांगितलेला, सुतारानं घडवलेला. सगळं बरोबर, फक्त आमच्या शेताच्या तोंडाशी छोटीशी झडपांची खिडकी.

"हाई खिडकी कसानी?" आप्पांनी विचारलं.

बेननी शेजारची पाटी वाचली: "मारा बापुजीए मारी बारी बंध करी." रामदास खाली बघायला लागला. गुजरातीत बारी म्हणजे खिडकी. त्यानं सांगितलेलं त्यांनी तसंच लिहून घेतलं होतं, आणि सुतारानं इमानदारीत खिडकी ठोकली होती. मला हसू फुटलं. आप्पा हसले नाहीत. ते त्या बंद झडपेकडे बघत राहिले.

अंगणात सतरंजीवर तीसेक माणसं जमली. आप्पा अहिराणीत बोलणार आणि रामदास गुजरातीत सांगणार, असं ठरलेलं. बारी म्हणजे काय ते आप्पांनी छान सांगितलं. मग थांबले. म्हणाले, "त्या साले मन्हा आंडोरनी चूक नव्हती. बारी त्यानीच व्हती. मी दिन मोजाले चुकनू. मांगेन समजनं, पण बोलनू नही. पाटकरीनी मोजणी चुकनी, तं त्याले कोण इचारस?"

मुलाची चूक नव्हती. बारी त्याचीच होती, दिवस मोजायला आप्पाच चुकले होते आणि कळल्यावर गप्प बसले होते. आणि मी त्याला चोर म्हटलं होतं.

रामदास लोकांना म्हणाला, "बापुजी कहे छे, नियम बधा माटे सरखो." नियम सगळ्यांना सारखा. लोकांनी माना डोलावल्या.

पण गुजरातच्या वेशीवरच्या नवापूरच्या बाजाराला जन्मभर गेलेल्या माणसाला गुजराती कळत नाही असं कोण म्हणेल? आप्पा रामदासकडे वळले. सहा वर्षांत पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलले.

"मी तसं नही बोलनू. जे बोलनू ते सांग."

"ऱ्हाऊ द्या ना, आप्पा."

"सांग."

"सांगस," रामदास म्हणाला, आणि रडत रडत सगळं सांगितलं. कोळी आजोबांनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मीही रडले, लाज कसली.

दुसऱ्या दिवशी परतलो. आज कुणी विचारलं सुरतेत काय पाहिलंस, तर मी नकाशा सांगते, पोंक सांगते. पण मनात राहिलं ते नंतरचं. परक्या गावात, परक्या भाषेत कबूल करणं एक वेळ सोपं असतं. पुढच्या हंगामाआधी गावकी बसली, तेव्हा आप्पा उठले आणि तेच तिथे बोलले, ज्यांच्यापुढे पोराला उभं केलं होतं त्यांच्याच तोंडावर. त्या वर्षी गावानं पाटकरी दुसरा नेमला. घरी येऊन आप्पा म्हणाले, "रामदासले लिख. गावमा सांगी दिन्हं म्हना."

मी लिहिलं. कार्डाचं उत्तर आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तो बायकोपोरांसकट दारात उभा राहिला. आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कितला दिन राहशी?" त्यांनी त्याला विचारलं.