थोरल्याची सीट

सीटमास्तरांनी चाळीस वर्षं लोकांना बसवलं. टॅक्सीत बसवलं, बसमध्ये बसवलं, दवाखान्याच्या बाकड्यावर बसवलं, एकदा दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीलाही नवं कातडं चढवून दिलं. स्वतः मात्र ते दुकानात एका लाकडी स्टुलावर बसत आणि त्या स्टुलावर साधी गादीसुद्धा नव्हती. त्यांची बायको म्हणे, "लोकांची कंबर बसून बसून मोडते, आमच्या ह्यांची दुसऱ्यांना बसवून बसवून मोडली."

मास्तरांना ते पटत होतं. उजव्या हाताच्या अंगठ्याला आता दाभण टोचलेलं कळत नसे. सुईत दोरा ओवायचा तर तीन वेळा नेम चुके. महिनाअखेर दुकान बंद करायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि ठरवल्यापासून त्यांना जास्तच थकल्यासारखं वाटत होतं. मुक्काम दिसला की वाटसरूचे पाय जड होतात, तसं.

अशात मंगळवारी फोन आला. फोनवरच्या बाई निवृत्त नर्स होत्या आणि गल्लीच्या पलीकडच्या इमारतीत राहत होत्या. लोक त्यांना सिस्टर म्हणत.

"मास्तर, भाचा आज पिकअप आणून लावेल. मागची सीट नीट करून हवी. शुक्रवारी पहाटे निघायचंय, दिवसभराचा प्रवास आहे. मागे थोरला आणि धाकटी असतील. थोरल्याला कंबरेचा त्रास आहे हो. आणि धाकटी एका जागी बसत नाही, तिला पट्टा लागेलच."

"वयं काय दोघांची?"

"थोरला अकरा, धाकटी चार."

अकराव्या वर्षी कंबर! मास्तर हळहळले. पण फोम किती जाड घालायचा हे वजनावर ठरतं, म्हणून त्यांनी विचारलं, "अंगानं कशी आहेत?"

"थोरला पस्तीस किलो. धाकटी तिशीच्या पुढे गेली."

फोन ठेवून मास्तर बायकोला म्हणाले, "चार वर्षांची पोरगी, तीस किलो!"

"दृष्ट लावू नका कोणाच्या लेकराला," बायको म्हणाली.

पिकअप चार दारांची होती. पुढे दोन जागा, मागे एक लांब सीट, आणि त्यामागे सामानाचा उघडा हौदा. मास्तरांनी दीड दिवस खपून मागच्या सीटवर दोन खळगे काढले, थोरल्याच्या कंबरेला आधार म्हणून पाठीत गोल उशी शिवली आणि धाकटीच्या बाजूला मऊ पट्टा बसवला. वरून तपकिरी रेक्झिन घातलं. सुरकुती म्हणून औषधालाही सापडली नसती.

गुरुवारी सकाळी दहाला सिस्टर आल्या. सोबत दोन कुत्री होती. एक काळं, भलं मोठं, तोंडावर पांढरं झालेलं, मागचे पाय ओढत चालणारं. दुसरी कुत्री पिवळट, नुसती उसळत होती. तिचा पट्टा धरून भाचा मागून अक्षरशः फरफटत आला.

"या सिस्टर. मुलं कुठायत?" मास्तरांनी विचारलं.

"ही काय."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. मग रस्त्यावर डोकावून पाहिलं. "नाही, थोरला कुठाय?"

नाव ऐकून काळ्यानं मान वर केली.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर काठी धरून बसलेली मास्तरांची बायको आधी हसली. "दृष्ट लागली बघा! शेपूट फुटलं."

सिस्टरना उमगायला क्षणभर लागला. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो मास्तर, बत्तीस वर्षं लोकांची अंथरुणं बदलली, लग्न केलं नाही. मला आणखी कुठला थोरला आणि कुठली धाकटी?" त्या हसल्या. गाडीत डोकावून ती गोल उशी पाहिल्यावर मात्र त्यांचं हसू मावळलं. "आता हो?"

ह्या ‘आता हो?’मध्ये बरंच काही होतं, ते त्यांनी मग सांगितलं. भाड्याचं घर सोडून त्या भावाकडे राहायला चालल्या होत्या. भावानं कुत्र्यांना हो म्हटलं होतं, पण एक अट घातली होती. वाटेत चार वेळा थांबावं लागणार. थोरला आपल्या पायांनी चढला-उतरला तर आणायचा. उचलायला गेलं की त्याचं दुखतं आणि तो चावतो. भाच्याच्या मनगटावर खूण होती. गेल्या महिन्यात थोरला सीटवरून पुढच्या जागेच्या मागच्या खोलगट फटीत पडला होता, तेव्हापासून गाडी पाहिली की बसकण मारतो.

"आणि नाही चढला तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर उद्या पहाटे निवाऱ्यात सोडायचा. मोकाट कुत्र्यांच्या. नाव घालून ठेवलंय आत्यानं," भाचा म्हणाला.  सिस्टर थोरल्याच्या कानामागे खाजवत राहिल्या.

मास्तरांना खरं तर म्हणायचं होतं की मला आता होत नाही. पण चूक त्यांची होती. त्यांनी स्टूल मागे सारलं आणि टेप काढली.

काम सुरू झालं. पाय ठेवायच्या फटीवर प्लायवूडची फळी टाकून, खाली चार लाकडी पाय देऊन, ती त्यांनी सीटच्या उंचीला आणली. फट बुजली आणि मागची सगळी जागा एक सपाट ओटा झाली. दोन खळगे उसवून फोम सरळ केला. धाकटीच्या पट्ट्याला कडी लावली, म्हणजे तो तिच्या छातीच्या पट्ट्यात अडकवता येईल. दाराशी ठेवायला दोन पायऱ्यांची घडवंची केली आणि तिलाही वरून रेक्झिन ठोकलं. ओट्याचा अभ्रा नव्यानं शिवला, उशीच्या अभ्र्यासारखा, चारी कोपरे आत घेऊन. दर वेळेसारखी आतल्या बाजूला एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं आपली खूण घातली, दोन टाके आडवे, एक उभा. ही खूण चाळीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती, कारण उलटी बाजू गिऱ्हाइकाला दिसता कामा नये हा त्यांच्या उस्तादांचा पहिला धडा होता.

चार वाजले. मास्तरांच्या कमरेत कळ भरली होती.

धाकटी एका उडीत वर गेली आणि खिडकीला नाक लावून बसली. थोरल्याला सिस्टरनी घडवंचीपाशी आणलं. त्यानं एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, नखं कर्रकन वाजली, पाय सरकला. तो मागे झाला आणि खाली बसला.

"चल राजा. चल, माझं शहाणं ते."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तो जवळच येईना.

"उंची जास्त झाली," भाचा म्हणाला. मास्तरांनी एक पायरी मोजली. दीड वीत होती, जास्त नव्हती. भाच्यानं बिस्किट दाखवलं, धाकटीनं ते वरूनच लांबवलं. सिस्टर गाडीच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. "राहू द्या मास्तर," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमच्या परीनं केलंत." रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलतानाचा तो आवाज असावा. फार वापरून गुळगुळीत झालेला.

मास्तर आत येऊन स्टुलावर बसले. थोरलाही सावलीला म्हणून मागोमाग आत आला. येताना तो उंबऱ्याजवळच्या गोणपाटावर थांबला. तिथून कापडाच्या एका चिंधीवर, चिंधीवरून पुठ्ठ्यावर, असं करत मास्तरांच्या बायकोच्या खुर्चीपाशी पोचला. मधल्या गुळगुळीत फरशीवर त्यानं एकही पाय टाकला नाही.

"हा माझ्यासारखाच चालतो हो," बायको म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली.

"अहो, मी न्हाणीत पडले तेव्हापासून कशी येते दुकानात? ते गोणपाट कोणासाठी टाकलंत तुम्ही? त्याला उंचीचं काही नाही. त्याला घसरायची भीती आहे. आणि तुम्ही त्याला आरशासारखं रेक्झिन घालून दिलंत."

"मग काय घालू? चटई सरकेल. गोधडी गोळा होईल."

"ते तुम्ही बघा. मास्तर तुम्ही."

मास्तरांनी खाली पडलेला रेक्झिनचा तुकडा उचलला. अंगठ्याला आता काही कळत नव्हतं, म्हणून गालाला लावून पाहिला. वरची बाजू गार, गुळगुळीत. उलटी बाजू कापडी, खरखरीत, मांजराच्या जिभेसारखी.  आत दुमडलेल्या शिलाया, कापलेल्या कडा, लोंबते दोरे, सगळं डोळ्यांसमोर आलं.

"जाताजाता हेच करायचं राहिलं होतं," ते पुटपुटले आणि उठले.

त्यांनी ओट्याचा अभ्रा काढला, उलटा केला आणि तसाच परत चढवला. घडवंचीचे खिळे उपटून रेक्झिन पालथं ठोकलं. सगळ्या शिलाया वर आल्या. कोपऱ्यांवर कडा कानांसारख्या उभ्या राहिल्या. मास्तरांना तिकडे बघवेना.

"अरेच्चा, उलटं घातलं काय?" भाचा म्हणाला.

"मुद्दाम घातलंय," मास्तर जरा जोरातच म्हणाले. "खाली रेक्झिन आहे, पाणी सांडलं तरी सीटला लागणार नाही."

सिस्टरनी थोरल्याला हाक मारली नाही. त्या नुसत्या दाराशी उभ्या राहिल्या. थोरला आपणहून आला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दाबून पाहिला. थांबला. मग दुसरा ठेवला. मागचा पाय वर घेताना तो कण्हला, आणि मास्तरांचा हात आपोआप स्वतःच्या कमरेवर गेला. मग तो वर होता. स्वतःभोवती एक पूर्ण फेरी मारून, जागा पारखून, तो धप्पकन बसला आणि त्यानं असा सुस्कारा सोडला की धाकटीनंही वळून पाहिलं.

"उतरव आता. परत चढव," सिस्टर भाच्याला म्हणाल्या.  त्यांनी चार वेळा त्याला उतरवलं, चार वेळा तो चढला. चार थांबे. मग त्यांनी निवाऱ्याला फोन करून नाव काढायला सांगितलं, आणि फोन पर्समध्ये ठेवून बराच वेळ पर्सची चेन लावत राहिल्या.

"मास्तर, हे लाल काय आहे इथं?" त्यांनी आत वाकून विचारलं.

"काही नाही. खूण आहे. माझी."

"छान आहे की. अशी वर का नाही घालत नेहमी?"

 मास्तर पुढे होऊन पाहणार, तोवर थोरल्यानं कूस बदलली आणि नेमकी त्या खुणेवरच हनुवटी टेकून डोळे मिटले.

"चला," बायको काठी टेकत उठली. "बसा आता जरा. आणि त्या स्टुलावर आधी काहीतरी घाला. उलटं घातलंत तरी चालेल."