वेल्सच्या भट्ट्या आणि आमचा वर्ग

चार मास्तर चहाला बसले की पोर्शन राहतो बाजूला आणि पोरांचेच विषय निघतात. बाकीच्यांचे किस्से वेगवेगळ्या धड्यांवरचे असतात. माझे बरेचसे एकाच धड्यावरचे आहेत!

बहात्तरच्या आसपास मी नगरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होतो. दुसऱ्या वर्षाला एक प्रकरण होतं, 'वेल्समधील पोलाद उद्योगाचा ऱ्हास'. समोर बसलेल्या निम्म्या पोरांनी साखर कारखान्याखेरीज दुसरा कारखाना पाहिलेला नव्हता.

*

पहिल्याच दिवशी नकाशा लावला. बघतो तर ब्रिटनच्या जागी भोक! सुट्टीत उंदरांनी कुरतडलेलं.

शिपाई गेनू खिळा ठोकत होता. त्यानं भोकात बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "सर, आपल्याला दीडशे वर्षं लागली. ह्यांनी एका सुट्टीत केलं!"

वेल्स मी खडूनं भिंतीवरच काढलं.

*

नोट्स दिल्या. तपासताना केडगावच्या दत्तूच्या वहीत सगळीकडे 'पोलाद उद्योगाची रास'.

"अरे, रास नाही, ऱ्हास! ऱ्हास म्हणजे घसरण."

दत्तू चांगलाच गोंधळला. "असं व्हय? मला वाटलं, खळ्यावर रास पडती तसं. म्हणून मी शेवटी लिवलं, सगळी लई खूश झाली!"

*

एकदा प्रिन्सिपॉल पाहुण्यांना घेऊन वर्गात आले. पाहुण्यांनी नेमकं दत्तूलाच उठवलं. "सांग, भट्ट्या का बंद पडल्या?"

खरं उत्तर सोपं होतं. जवळचं खनिज संपलं, बाहेरून आणायचं तर बंदरापाशी स्वस्त, म्हणून नवे कारखाने समुद्राकाठी गेले. दत्तूला यातलं 'संपलं' तेवढं आठवलं.

"ऊस संपला, साहेब!"

पाहुणे प्रिन्सिपॉलांकडे बघायला लागले. प्रिन्सिपॉल माझ्याकडे. मी खिडकीबाहेर!

*

पाथर्डीकडचा किसन मात्र हुशार. बोलायचा कमी. भट्ट्या बंद पडल्या हे सांगून मी पुढे निघालो, तर यानं हात वर केला.

"सर, मग तिथली मानसं?"

"गेली दुसरीकडं. कामं होती तिकडं."

"बायकापोरं घेऊन?"

"हो, बरेच जण."

"कोयतं न्हाई ना लागत त्यान्ला?"

त्याचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. वर्गात कुणी हसलं नाही. मी पुढचं वाचायला लागलो.

*

त्या हिवाळ्यात किसन यायचा बंद झाला. गावाकडं पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर गेला, असं कळलं. परीक्षा तोंडावर आलेली. एका रविवारी एस.टी.नं गेलो.

उन्हात शेदोनशे माणसं खडी फोडत होती. किसन आईशेजारी बसला होता, हातात हातोडी, डोळ्यांच्या पापण्या धुळीनं पांढऱ्या. मला बघून उठला, पण हातोडी काही खाली ठेवली नाही.

मी त्याच्या आईला म्हटलं, "मावशी, पोरगा वर्गात पहिला आहे. परीक्षेला तरी पाठवा."

"आन् इथलं कोन करील? ह्याचा बाप आथरुनाला खिळलाय." तिचा हात चालूच होता. तसंच तिनं विचारलं, "काय शिकवता वो तुमी?"

मी वेल्सच सांगितलं. भट्ट्या कशा पेटल्या, गावं कशी वसली, मग भट्ट्या कशा विझल्या, उरलेले लोक कसे बसून राहिले. शेजारच्या दोघी-तिघी बायाही हात थांबवून ऐकायला लागल्या.

सगळं ऐकून ती म्हणाली, "मास्तर, बुडालेला धंदा शिकवायला पोरं एवढ्या लांब बोलवता व्हय? एखादा चालनारा धंदा न्हाई का तुमच्या पुस्तकात?"

"आहे ना. पण तो पुढच्या वर्षाला आहे."

तिनं किसनच्या हातातली हातोडी काढून घेतली.

"मंग जा की! पास व्हायाच लागंल!"